दोन कॅमेऱ्यांसमोरची बाई

“माप बदल,” पंचवीस म्हणाला.

“का बदलू? खोली एक, उजेड एक, माणूस एक. मग मापही एकच,” चिप म्हणाला. “चाचणी आहे ना ही?”

“तुझ्या त्या डिजिटल डब्याला उजेड सोसत नाही म्हणून तू भिंगाचं तोंड आवळून धरलंयस. तेवढ्यावर फिल्म उपाशी मरते. तिला पोटभर लागतं. हे तुला माहीत नसेल तर तू गाढव आहेस, आणि माहीत असून करत असशील तर चोर आहेस. काय समजू, सांग.”

खिडकीकडे पाठ करून, दोन कॅमेऱ्यांसमोर खुर्चीत बसलेली पंचवीसची बायको हातातला राखाडी पुठ्ठा मांडीवर ठेवत म्हणाली, “तुमचं गाढव का चोर ते ठरेपर्यंत मी मान सोडू का? अवघडलीय.”

“हलू नका,” दोघं एकदम म्हणाले. त्या दिवसात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

पंचवीस लॅबमध्ये रंग ठरवायचा. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना यंत्रात तीन दिवे लागतात, तांबडा, हिरवा आणि निळा. प्रत्येकाला एक ते पन्नास पॉइंट. मधला आकडा पंचवीस. कुठल्या प्रसंगाला कुठला दिवा किती, हे सांगायला ह्या लॅबमध्ये एकतीस वर्षं एकच माणूस होता, आणि त्या आकड्यानं त्याचं खरं नाव केव्हाच गिळलं होतं. हिरवा अर्धा पॉइंट चढला तर माझी दाढ दुखते, असं तो म्हणायचा आणि लोकांना ते खरं वाटायचं. निर्माते त्याच्यापुढे चहा ठेवायचे. कॅमेरामन त्याच्या दाराशी उभे राहून खाकरायचे. अशानं माणसाला माज येतो. त्यालाही आला होता, आणि माज चढलेल्या माणसाला स्वतःच्या नाकाखालचं कधी दिसलंय?

चिप वरच्या मजल्यावरचा. वर नवा डिजिटल विभाग झाला होता, गार हवेचा, पडद्यांचा, पायताण बाहेर काढून जायचा. चिप त्याचा मुख्य, वय पंचवीसच्या निम्मं. चिप हे नाव पंचवीसनंच ठेवलं होतं आणि ते काही लाडानं ठेवलं नव्हतं.

भांडण कशासाठी होतं ते सरळ आहे. एक दिग्दर्शिका सिनेमा करणार होती. म्हाताऱ्या बाईची गोष्ट, सबंध सिनेमाभर तोच एक चेहरा. तो फिल्मवर घ्यायचा की डिजिटल कॅमेऱ्यावर, हे तिचं ठरत नव्हतं. मालकानं खालच्या लोकांना बोलावून सांगितलं होतं, “मॅडमनी फिल्म घेतली तर टाकी आणखी वर्षभर चालेल. नाही घेतली तर महिनाअखेर बंद. मला दुसरं काही विचारू नका.” टाकी म्हणजे जिच्यात निगेटिव्ह धुतात ती रसायनांची लांब रांग. तिच्यावर सात माणसं होती. सगळ्यांत लहान सेहेचाळीसचा. फिल्म धुण्याखेरीज त्यांना जगात काही येत नव्हतं, आणि जगाला आता फिल्म धुवून नको होती. आठवा पंचवीस.

तेव्हा एकच चेहरा, एकाच खोलीत, दोन्ही कॅमेऱ्यांनी घ्यायचा आणि मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी नाही, पण पाठोपाठ बघायचा, असं ठरलं. चेहरा कुणाचा, तर मालक म्हणाला, “आपल्या बाईचाच घेऊ की. नाहीतरी लॅबचा चेहरा तोच.”

ही बाई काय प्रकार आहे ते सांगायला हवं. ह्या लॅबमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रिळाच्या तोंडाशी, सिनेमा सुरू व्हायच्या आधी, पाच-सहा चौकटींत एका मुलीचा चेहरा असायचा. हातात राखाडी पुठ्ठा. तो चेहरा चेहऱ्यासारखा आणि पुठ्ठा राखाडी दिसला की रंग बरोबर आले असं समजायचं. प्रेक्षकाला ती कधी दिसत नसे. प्रोजेक्टरवाला तेवढा भाग आधीच पुढे सरकवायचा. पण लॅबमध्ये दिवसातून पन्नास वेळा तिचं नाव निघायचं. “बाई लावली का?” “अरे, आज बाईला कावीळ झालीय, निळं बघ.” “बाई तापलीय, तांबडं आवर.” 

ती मुलगी निगेटिव्ह जोडायच्या खोलीत पांढरे हातमोजे घालून बसायची. तेवीस वर्षांची. मालकाच्या बापानं एकदा दार उघडलं, दाराजवळ ती बसली होती, तो म्हणाला, “ही चालेल.” संपलं. तिला कुणी विचारलं नाही आणि विचारायचं असतं हे तिलाही माहीत नव्हतं. वर्षभरानं पंचवीसनं तिच्याशी लग्न केलं. मंडळी म्हणाली, पंचवीसनं बाई रंग तपासून घेतली. ह्यावर ती पहिली दोन वर्षं हसली. पुढची पंधरा वर्षं त्याच इमारतीत दिव्यावर वाकून दुसऱ्यांचे सिनेमे जोडून तिनं डोळे घालवले. तिनं जोडलेला एक सांधा कधी सुटला नाही. पण सांध्यांबद्दल तिला कुणी ओळखत नव्हतं. ओळखत होते ते त्या चेहऱ्यामुळे, आणि तो चेहरा तर तिनं काहीच न करता लॅबचा झाला होता.

आता ती चोपन्नची. तोच पुठ्ठा, तीच खिडकी.

“मेकअप नको बरं का,” दिग्दर्शिका कोपऱ्यातून म्हणाली. केस बारीक कापलेली, कमी बोलणारी बाई. “आणि मापावरून भांडू नका. ज्याला जेवढं लागतं तेवढं द्या. मला दोघांचंही उत्तम बघायचंय. कुपोषित कुणी नको.”

पंचवीसनं चिपकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणी त्याच्या कानफटात मारली असती.

“ठीक,” चिप म्हणाला. “काका, मग हरलात तर मापाचं रडगाणं नको.”

“काका कुणाला म्हणतोस?”

“मग काय आजोबा म्हणू?”

तेवढ्यात चिप आपल्या मॉनिटरशी वाकला आणि पंचवीसच्या बायकोकडे जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलला. तिनं मान हलवून नको म्हटलं. पंचवीस फिल्मच्या कॅमेऱ्याशी होता, प्रकाशमापकाच्या काट्यात नाक घालून. त्यानं बघितलं नाही. बायकोच्या चेहऱ्यासमोर हातभरावर तो मापक धरून उभा होता, आणि काट्याकडे बघत होता.

निगेटिव्ह टाकीतून बाहेर आली ती भरदार. टाकीवाला, म्हणजे त्या सात जणांतला जाणता, बोटं कायमची तपकिरी झालेला माणूस, तिला दिव्यावर धरून म्हणाला, “लोणी आहे रे. लोणी. आता तू माती कालवू नकोस म्हणजे झालं.”

“माझ्या हातून कधी कालवली गेलीय?”

“तुझ्या तोंडून रोज जाते.”

दार लावून पंचवीस कामाला बसला. पहिल्या प्रिंटात चेहरा मातकट आला. त्याला नवल वाटलं नाही, पहिला प्रिंट मातकटच येतो. शेजारच्या काचेवर बाईची जुनी पट्टी लावलेली होतीच. हात आपोआप तिकडे जायचा. त्यानं तांबडा दिवा दोन पॉइंट उतरवला. ह्या धंद्यात सगळं उलटं, दिवा उतरवला की तो रंग चेहऱ्यावर चढतो. मग तिन्ही दिवे मिळून आणखी एक पॉइंट उतरवून चेहरा उजळवला. डावा गाल तरीही थोडा जड वाटला, तेव्हा आणखी अर्धा. नवा गाल जुन्या गालाशी जुळला तेव्हा त्यानं आकडे लिहिले आणि खाली रेघ मारली. दाढ दुखली नाही. 

टाकीवाल्यानं प्रिंट बघितला. “वहिनी अजून तेविसाव्यातच?”

“फिल्म आहे,” पंचवीस म्हणाला. “तिला माणसाचं मन कळतं. त्या डब्याला फक्त आकडे कळतात.”

हे तो आकड्यांच्या कागदावर हात ठेवून म्हणाला.

चाचणीच्या दिवशी दुपारी छोट्या चित्रगृहात सगळे जमले. पुढे मालक आणि दिग्दर्शिका, त्यांच्या मागे पंचवीस आणि चिप. मागे भिंतीला टेकून सातही जण, कामाचे कपडे तसेच, कारण मालकानं या म्हटलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत एकटी पंचवीसची बायको. तिला मालकानं गाडी पाठवली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

आधी फिल्म लागली.

चेहरा पडद्यावर असा आला की खोलीत कुणीतरी येऊन बसावं. मागच्या खिडकीत ऊन होतं आणि त्या उन्हातसुद्धा खिडकीवरच्या पडद्याच्या कापडाची वीण दिसत होती. केसांच्या काळ्यात काळ्याच्या चार तऱ्हा होत्या. बारीक दाणा सगळीभर जिवंत असल्यासारखा हलत होता आणि गालांवर ऊब होती. दिग्दर्शिका पुढे वाकली. मिनिटभराचा तुकडा संपला तेव्हा ती म्हणाली, “परत लावा.”

परत लावला.

“हे सुंदर आहे,” ती म्हणाली. “हे फारच सुंदर आहे.”

मागे भिंतीशी कुणीतरी कुणाच्या तरी बरगडीत कोपर मारलं. मालकानं मान मागे वळवून पंचवीसकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग होता. त्याला टाकी बंदच करायची होती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

मग डिजिटल.

चित्र स्वच्छ होतं. फार स्वच्छ, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखं. खिडकीतलं ऊन फुटून पांढरा कागद झाला होता, कापड गेलं, वीण गेली. दाणा नाही, हालचाल नाही. पण भुवईचा केस न् केस मोजता येत होता, ओठाशेजारच्या बारीक भेगा दिसत होत्या, आणि डाव्या गालावर, हाडापासून नाकाच्या कडेपर्यंत, एक तपकिरी डाग होता. कडा फाटक्या. सांडलेला चहा कागदावर वाळून जावा तसा.

पंचवीसला तो दिसला आणि त्याचा आनंद पोटात मावेना. रंगेहाथ सापडला होता चोर. बारा वर्षं तो म्हणत आला होता की ह्या डब्यांना कातडी जमत नाही, मधल्या छटा आल्या की डबा गोंधळतो, थापतो, डाग पाडतो. लोक हसायचे. घ्या.

“थांबवा इथेच,” तो म्हणाला. चित्र थांबलं. त्यानं कोपऱ्यातली दाखवायची काठी घेतली आणि पडद्याशी गेला.

“काका,” चिप म्हणाला, “बसा.”

“का बसू?”

“बसा म्हणतोय ना. मी नंतर सांगतो तुम्हाला.”

“नंतर कशाला? आत्ता सगळ्यांसमोर सांगू.” त्यानं काठीचं टोक गालावर टेकवलं. “मॅडम, हे बघा. खिडकी जळलीय ते सोडा, ते आंधळ्यालाही दिसतं. हे बघा. हा डाग. फिल्ममध्ये हा होता का? नव्हता. त्याच दिवशी, त्याच उजेडात, तोच चेहरा. मग हा कुठून आला? हा ह्यांच्या डब्यानं घातला. कातडीचा रंग नीट वाचता आला नाही की यंत्र असं शेण थापतं. तुमच्या सबंध सिनेमात एका बाईचा चेहरा आहे. दर दहा मिनिटांनी असा डाग चालेल तुम्हाला?”

“काका, हात जोडतो, बसा.”

“घाम फुटला का? मॅडम, हा चेहरा एकतीस वर्षं रोज माझ्या डोळ्यांखालून गेलाय. झोपेतून उठवून विचारा. ह्या चेहऱ्यावर डाग नाही.”

“दिवे लावा,” तिसऱ्या रांगेतून बायको म्हणाली.

कुणी हललं नाही.

“दिवे लावा म्हटलं.”

प्रोजेक्टरवाल्यानं दिवे लावले. ती उभी राहिली. पुढे आली नाही, नाटक केलं नाही, फक्त मान वळवली. डावा गाल दिव्याकडे आला. हाडापासून नाकाच्या कडेपर्यंत तपकिरी, कडा फाटक्या.

“वांग आहे,” ती म्हणाली. “सात वर्षं झाली.”

पडद्यावर दिव्यांमुळे फिकटलेला तिचा चेहरा अजून होता आणि काठीचं टोक त्याच्या गालावरच होतं. मागे सातांपैकी कुणी खाकरलं आणि मध्येच थांबलं.

दिग्दर्शिकेनं पंचवीसला विचारलं, रागानं नव्हे, “मग फिल्मवर का नाही दिसलं?”

त्याला उत्तर माहीत होतं. त्याच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. “रंग जुळवताना गेलं,” तो म्हणाला.

“कशाशी जुळवलंत?”

“जुन्या पट्टीशी.”

“किती जुनी?”

त्यानं बायकोकडे बघितलं. ती खाली बसली होती आणि पर्सचा बंद लावत होती. “एकतीस वर्षं,” तो म्हणाला.

“आम्हालाही काढता आला असता,” चिप म्हणाला. तो जिंकत होता, पण त्याचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता. “दोन मिनिटांचं काम. मी काकूंना तिथेच विचारलं, काढू का म्हणून. त्या म्हणाल्या, राहू दे.”

दिग्दर्शिकेनं पडद्यावरचा चेहरा पुन्हा एकदा बघितला. मग मालकाला म्हणाली, “फिल्मच चांगली दिसते. त्यात वादच नाही. खिडकीसाठी तर मी जीव देईन. पण मला जे हवंय त्याला तुमचे हे गृहस्थ दोष म्हणतात, आणि त्यांना माहीतही नसतं की त्यांनी ते पुसलं. मी डिजिटलवर करते.”

मालक “तुमची मर्जी” म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं, म्हणून तो उठून फोन करायला बाहेर गेला.

घरी त्यानं चपला काढायच्या आधीच सुरुवात केली.

“सात घरं बसली.”

“मी बसवली?”

“नंतर सांगता आलं नसतं? तिथेच दिवे लावायचे होते?”

“तुम्ही काठी घेऊन माझ्या तोंडाला शेण म्हणत होता. किती वेळ ऐकून घ्यायचं असतं, तेही सांगा.”

“मी डब्याला म्हणत होतो.”

“काठी कुठे होती?”

तो पाणी प्यायला. भांडं आपटलं. “मला कधी बोलली का नाहीस?”

ती हसली. तिचं हसणं चांगलं नव्हतं. “सात वर्षं मलम कोण आणतंय?”

दर महिन्याला ती चिठ्ठी द्यायची, तो औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे करायचा, दुकानदार ट्यूब द्यायचा, तो खिशात घालून आणायचा. सात वर्षं. त्यानं चिठ्ठी वाचली नव्हती असं नाही. नाव वाचलं होतं.

“मला वाटलं गुडघ्याला असेल.”

“गुडघ्याला. एवढीशी ट्यूब.” तिनं करंगळीचं पेर दाखवलं. “पहिल्यांदा लावलं ना, तेव्हा तोंड पांढरं फटक करून जेवायला समोर बसले होते. मुद्दाम. बघू तरी म्हटलं. तुम्ही म्हणालात, भाजीत मीठ नाहीये.”

“घरात उजेड कमी आहे,” तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द बाहेर पडला होता.

“हो का? अर्ध्या पॉइंटला तुमची दाढ दुखते ना?”

त्यानं आता चपला काढल्या.

“दोन डॉक्टर झाले. एकटी गेले. आरशात बघून रडायचे, तेही झालं. आता काही वाटत नाही, माझं तोंड आहे, मला सवय झाली. पण तिथे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ह्या चेहऱ्यावर डाग नाही. मला क्षणभर वाटलं, मी त्या खोलीत नाहीच. तुम्ही कुणा दुसरीबद्दल बोलताय, आणि ती कधीची मेलीय.”

ती आत गेली. थोड्या वेळानं तिनं त्याचं ताट वाढून बाहेर ठेवलं आणि स्वतः ओट्याशी उभ्यानं जेवली.

महिनाअखेरीपर्यंत खालच्या मजल्यावर पंचवीसशी कुणी धड बोललं नाही. चहा आला तरी त्याचा कप ट्रेमध्ये शेवटी उरायचा, गार. शेवटच्या दिवशी टाकीवाला त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

“वहिनींना सांग,” तो म्हणाला, “सातही घरांनी आठवण काढलीय. बायकांनी तर दोन वेळा.”

“तिला मध्ये आणू नकोस.”

“का? गोड लागत नाही? एक मिनिट तोंड बंद ठेवलं असतं बाईनं, तर वर्ष निघालं असतं. माझ्या पोरीचं लग्न निघालं असतं.”

“तिनं दिवे लावायला सांगितले. बाकी काही केलं नाही,” पंचवीस म्हणाला. “पॉइंट मी उतरवले, काठी माझ्या हातात होती. त्या पोरानं मला दोनदा बस म्हटलं, हात जोडले. मी बसलो नाही. शिव्या द्यायच्या तर इथे दे, मी उभा आहे.”

टाकीवाल्यानं त्या दिल्या. बऱ्याच दिल्या, आणि काही नवीन होत्या. पंचवीसनं सगळ्या ऐकल्या. मग टाकीवाला म्हणाला, “चल. कॉक तू उघडायचास. माझ्या हातानं मी उघडणार नाही.”

टाकीच्या तळाचा कॉक वर्षानुवर्षं पूर्ण उघडला गेला नव्हता. पंचवीसनं पान्याला दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा तो करकरत फिरला. काळसर पाणी मोरीकडे निघालं. सातही जण थोडा वेळ बघत उभे राहिले आणि मग एकेक करून कपडे बदलायला गेले. रडलं वगैरे कुणी नाही. एकानं जाताना भिंतीवरचं घड्याळ काढून पिशवीत घातलं. मालकाच्या बापानं कधी कुणाला निरोपाचं घड्याळ दिलं नव्हतं, म्हणून त्यानं हे घेतलं.

पाणी जायला दोन तास लागले. मध्ये चिप खाली आला. पायात पायताण नव्हतं, तसाच ओल्या फरशीवर आला.

“काका, वर एक जागा आहे. मालकांशी मी बोललोय. मॅडमच्या सिनेमाला चेहऱ्यांचे रंग बघायला जाणतं माणूस लागेल.”

“चेहरे बघायला? मला बोलावतोयस?” पंचवीस म्हणाला. “टिंगल करतोस का?”

“नाही.”

पंचवीसनं त्याच्याकडे नीट बघितलं. पोरगा खरंच टिंगल करत नव्हता. डोळ्यांखाली काळं होतं त्याच्या, झोप नसल्यासारखं. हेही कधीपासून होतं, कोण जाणे.

“दुसरा बघ,” तो म्हणाला. “आणि तू जे तिथे विचारलंस, काढू का म्हणून, ते दर वेळी विचारत जा. यंत्र चांगलं आहे तुझं. खिडकी मात्र जाळू नको.”

चिप गेला. टाकी रिकामी झाली. पंचवीसनं पाइप लावून ती आतून धुतली, कोपरे ब्रशनं घासले, वर्षानुवर्षांचा चिकट थर निघेपर्यंत घासले. टाकीवाला कपडे बदलून निघाला होता. दाराशी थांबला, परत आला, बाही वर केली आणि दुसऱ्या टोकानं घासायला लागला. उद्या भंगारवाला तिचे तुकडे करणार होता. त्यांनी तिला कोरडी पुसली, मगच दिवा घालवला.

तो घरी आला तेव्हा दिवस अजून होता. एवढ्या उजेडी तो कधी घरी येत नसे. बायको खिडकीशी बसून उशीचा अभ्रा उसवून परत शिवत होती. निगेटिव्ह जोडायची तसेच बारीक, सारखे टाके. तिनं वर बघितलं नाही.

त्यानं हातपाय धुतले. मग खुर्ची उचलली आणि तिच्या डाव्या बाजूला आणून ठेवली, जिथे ती कधीच ठेवलेली नसायची. बसला. गालाचा डाग हाडाशी गडद होता, नाकाकडे येताना पातळ होत गेला होता आणि मध्ये एका ठिकाणी, नखाएवढा, मुळीच नव्हता. पडद्यावर हे त्याला दिसलं नव्हतं. कानापाशी एक पांढरी बट होती. तिच्या खाली एक बारीक जुना व्रण, तो कशाचा ते त्याला माहीत नव्हतं.

“काय बघताय?” ती म्हणाली.

“बघतोय.”

सुई दोन-तीन टाके पुढे गेली.

“बघा,” ती म्हणाली. “पण मध्ये येऊ नका. उजेड अडतोय.”

त्यानं खुर्ची हातभर मागे घेतली.